खांदा कुठवर वर जायला हवा?

टिटवाळ्याहूनच सुटणारी सकाळची लोकल मिळाली आणि खिडकीजवळ नसली तरी बसायला जागा मिळाली, की दिवसाची निम्मी लढाई जिंकल्यासारखी असते. कसाऱ्याहून किंवा आसनगावहून आलेली गाडी पकडावी लागली, तर मात्र मुंबईपर्यंतचा सुमारे दीड तासाचा प्रवास उभ्याने आणि वरच्या कडीला हात अडकवून करावा लागतो. एका सकाळी नेहमीच्या सवयीने कडीकडे हात जातो आणि खांद्यात अशी कळ येते, की हात अर्ध्यावरूनच खाली घ्यावा लागतो. पिशवी रॅकवर टाकायला शेजारणीला विनवावे लागते. पुढच्या काही आठवड्यांत वेणी घालणे, ब्लाऊजचे हूक लावणे, वलणीवर ओले कपडे टाकणे, फडताळातला वरचा डबा काढणे ही सारी कामे एकेक करून हातातून निसटू लागतात. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. पन्नाशीच्या आसपासच्या कितीतरी स्त्रियांची, आणि पुरुषांचीही, कहाणी याच क्रमाने पुढे सरकते.

डॉक्टरांच्या खोलीत गेल्यावर विचारला जाणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो : हात पूर्ण बरा कधी होणार? प्रश्न स्वाभाविक असला, तरी त्याला प्रामाणिक उत्तर देणे फार कठीण. ‘पूर्ण’ म्हणजे काय, हे रुग्णाने सांगितलेले नसते आणि डॉक्टरांनी विचारलेले नसते. एकीच्या लेखी पूर्ण बरे होणे म्हणजे रात्री सलग झोप लागणे, दुसरीच्या लेखी लोकलची कडी धरणे, तर तिसऱ्या एखाद्याच्या लेखी रविवारी मैदानावर गोलंदाजी करणे. या तिन्ही गोष्टींना लागणारा खांदा वेगळा, लागणारा काळ वेगळा आणि उपचारही वेगळे. म्हणूनच गेल्या काही दशकांत पुनर्वसनशास्त्राने उपचारांच्या आरंभीच रुग्णाबरोबर बसून उद्दिष्टे ठरविण्यावर भर दिला आहे. हे वाटते तितके सोपे नाही, कारण उद्दिष्ट ठरविण्याआधी दुखणे नेमके कोणते, हे कळावे लागते.

सांधा एक, दुखणी अनेक

खांदा हा शरीरातील सर्वांत जास्त दिशांनी फिरणारा सांधा. दंडाच्या हाडाचा मोठा गोल माथा आणि खांद्याच्या फऱ्याची उथळ खोबण, असा हा जोड आहे. खोबण इतकी उथळ, की केवळ हाडांच्या भरवशावर हा सांधा जागेवर राहूच शकत नाही. त्याला धरून ठेवतात ते चार लहान स्नायू व त्यांचे स्नायुबंध, ज्यांना ‘रोटेटर कफ’ म्हणतात, आणि सांध्याभोवतीचे लवचिक आवरण. भरपूर हालचालीच्या बदल्यात निसर्गाने येथे स्थैर्याची किंमत मोजली आहे.

‘गोठलेला खांदा’ अर्थात फ्रोझन शोल्डर या विकारात हे आवरण सुजते, जाड होते आणि आक्रसते. ओळखण्याची खूण अशी, की रुग्णाला स्वतःला हात फिरवता येत नाहीच, पण दुसऱ्या कोणी तो हळुवार फिरवू पाहिला तरी फिरत नाही. कोपर बरगडीशी ठेवून पंजा बाहेरच्या बाजूस वळविणे हे सर्वांत आधी व सर्वांत जास्त अडते. याउलट कफचा स्नायुबंध फाटला असेल, तर दुसऱ्याने उचललेला हात बऱ्यापैकी वर जातो, पण स्वतःच्या बळावर तो तेथे टिकत नाही. हात बाजूने उचलताना साधारण साठ ते एकशेवीस अंशांच्या पट्ट्यातच कळ येत असेल आणि त्यापुढे ती कमी होत असेल, तर स्नायुबंध चिमटल्याचा किंवा त्यांना सूज आल्याचा संशय घेतला जातो. मानेतील मणक्यांचे दुखणेही कधीकधी खांद्याचे सोंग घेऊन येते. ही पारख अस्थिरोगतज्ज्ञानेच करायची असते. शेजारच्यांच्या अनुभवावरून व्यायाम सुरू करणाऱ्यांचे नुकसान होते ते नेमके येथे. गोठलेल्या खांद्याला ताण देण्याचे व्यायाम उपयोगी पडतात, तर नुकत्याच फाटलेल्या स्नायुबंधाला तेच व्यायाम घातक ठरू शकतात.

गोठलेला खांदा साधारणपणे चाळिशी ते साठीच्या दरम्यान गाठतो, आणि स्त्रियांना अधिक. एकूण लोकसंख्येत त्याचे प्रमाण दोन ते पाच टक्क्यांच्या घरात मानले जाते, मात्र मधुमेहींमध्ये ते दहा ते वीस टक्क्यांपर्यंत जाते. थायरॉइडच्या विकारांशीही त्याचा संबंध आढळतो. मधुमेह घरोघरी पोहोचलेल्या आपल्या शहरांत ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही. खांदा दुखतो म्हणून गेलेल्या एखाद्या रुग्णाला आपली साखर वाढली असल्याचे तेथेच पहिल्यांदा कळते.

बॉस्टनच्या एका हट्टी शल्यविशारदाची वही

‘फ्रोझन शोल्डर’ हे नाव रूढ केले ते बॉस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट अमोरी कॉडमन यांनी, १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या खांद्यावरील आपल्या ग्रंथात. त्याआधी १८७२ मध्ये फ्रान्सच्या दुप्ले यांनी अशा दुखण्याचे वर्णन केले होते, तर १९४५ मध्ये नेव्हियासर यांनी सांध्याचे आवरणच चिकटते व आक्रसते, हे दाखवून दिले. कमरेत वाकून दुखरा हात लंबकासारखा सैल सोडून झुलविण्याचा, आज जगभर शिकविला जाणारा व्यायामही कॉडमन यांच्याच नावाने ओळखला जातो.

पण उद्दिष्टांच्या विषयात कॉडमन यांची आठवण काढण्याचे कारण वेगळेच आहे. रुग्ण घरी गेला म्हणजे उपचार यशस्वी झाले, हे गृहीत धरणे त्यांना मान्य नव्हते. प्रत्येक रुग्णाच्या नावाचे एक कार्ड ठेवावे, त्याला काय त्रास होता व काय अपेक्षित होते ते त्यावर लिहावे आणि पुढे किमान वर्षभर त्याचा माग ठेवून अंती काय साधले हे पडताळावे, असा त्यांचा आग्रह होता. तो सहकाऱ्यांच्या पचनी पडला नाही. कॉडमन यांनी स्वतःचे लहानसे रुग्णालय काढले आणि १९११ ते १९१६ या काळात तेथून घरी गेलेल्या ३३७ रुग्णांच्या उपचारांतील १२३ चुका स्वतःच जाहीर केल्या! त्यांच्या हयातीत या प्रयोगाचे फारसे चीज झाले नाही. आज मात्र उपचारांचे फलित मोजण्याच्या साऱ्या पद्धतींचा उगम त्यांच्या त्या कार्डांमध्ये शोधला जातो.

अंश मोजायचे की कामे?

फिजिओथेरपिस्ट कोनमापकाने हात किती अंश वर गेला ते मोजतात. ते आवश्यकच आहे. पण रुग्ण घरी जाऊन अंशांत जगत नाही. १९९५ मध्ये कॅनडातील पॉल स्ट्रॅटफर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अगदी साधी पद्धत मांडली. रुग्णानेच आपल्याला न जमणारी तीन ते पाच कामे सांगायची आणि प्रत्येकाला शून्य ते दहा असे गुण द्यायचे. शून्य म्हणजे मुळीच जमत नाही, दहा म्हणजे दुखण्यापूर्वी जमत होते तसे जमते. काही आठवड्यांनी त्याच कामांना पुन्हा गुण द्यायचे. सरासरीत सुमारे दोन गुणांची भर पडली, तर सुधारणा खरी मानायची, त्याहून कमी फरक रोजच्या चढउतारातलाही असू शकतो.

या पद्धतीतली खरी मौज कामांच्या निवडीत आहे. टिटवाळ्याच्या त्या प्रवासिनीला विचारले, तर तिची यादी अशी होऊ शकेल : रात्री न जागता झोपणे, स्वतःची वेणी घालणे, वलणीवर कपडे टाकणे, देवळात घंटा वाजविणे आणि लोकलमध्ये कडी धरून उभे राहणे. वरवर पाहता शेवटची तिन्ही कामे सारखीच, हात डोक्यावर नेण्याची. प्रत्यक्षात त्यांत मोठा फरक आहे. महागणपतीच्या देवळात शिरताना घंटेला हात लावणे हे क्षणभराचे काम, त्यात भार नाही. ओली चादर वलणीवर टाकताना वजन आहे, पण ते आपल्या ताब्यात आहे, आणि चादर दोन हातांनी, खालच्या दोरीवर टाकण्याची सोयही आहे. लोकलची कडी मात्र वेगळीच गोष्ट. हात वर, त्यावर शरीराचा तोल आणि गाडीने ब्रेक मारला, की अवचित बसणारा हिसका. दुबळ्या वा फाटलेल्या स्नायुबंधाला जे टाळायला हवे, ते सारे या एका क्रियेत एकत्र येते. म्हणून कडी हे उद्दिष्ट यादीत सर्वांत शेवटी यावे. तोवर दुसऱ्या हाताने कमरेच्या उंचीवरचा उभा खांब किंवा आसनाची पाठ धरणे, शक्य असेल तर एखादी गाडी सोडून टिटवाळ्याहूनच सुटणारी गाडी घेणे, आणि दरवाजात लटकण्याचा विचारही न करणे, हेच शहाणपणाचे.

बऱ्याच रुग्णांना हात पूर्ण १८० अंश वर गेलाच पाहिजे, असे वाटत असते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात निरोगी व्यक्तींकडून रोजची कामे करवून घेऊन खांद्याचे कोन मोजण्यात आले. हात पुढून वर नेण्यासाठी सुमारे १२० अंश व बाजूने वर नेण्यासाठी सुमारे १३० अंश एवढ्यात बहुतेक दैनंदिन कामे भागतात, असे त्यात दिसून आले. म्हणजे उरलेल्या पन्नास-साठ अंशांसाठी जीव टाकण्याआधी ते कशासाठी हवेत, याचा विचार करायला हवा. पोहणाऱ्याला किंवा व्हॉलीबॉल खेळणाऱ्याला ते हवेतच. कार्यालयात बसून काम करणाऱ्याला कदाचित नसतीलही.

कॅलेंडर दुखण्याचे, आपले नव्हे

गोठलेल्या खांद्याच्या तीन अवस्था सांगितल्या जातात. पहिली वेदनेची, काही आठवड्यांपासून आठ-नऊ महिन्यांपर्यंत चालणारी. दुसरी ताठरपणाची, चार ते बारा महिन्यांची, जिच्यात वेदना ओसरते पण हात अडतो. तिसरी हळूहळू सैल होण्याची, जी कधी पाच-सहा महिन्यांत आटोपते तर कधी दोन वर्षे घेते. एकूण काळ एक ते तीन वर्षांचा. ‘हे आपोआप बरे होते’ असे रुग्णांना सांगितले जाते, ते बरेचसे खरे असले तरी पूर्ण खरे नाही. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सरासरी सात वर्षांनंतर तपासलेल्या ६२ रुग्णांपैकी निम्म्यांना थोडीफार वेदना किंवा ताठरपणा उरलेलाच होता. मात्र त्यांच्यापैकी बहुतेकांचे रोजचे व्यवहार त्यामुळे अडत नव्हते.

अवस्था ओळखून उद्दिष्ट ठरविले नाही तर काय होते, याचा बोलका पुरावा नेदरलँड्समधून आला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७७ रुग्णांची दोन गटांत तुलना करण्यात आली. एका गटाला वेदनेची मर्यादा ओलांडून जोरकस ताणाचे व्यायाम देण्यात आले, दुसऱ्याला वेदनेच्या आतच राहून हलक्या हालचाली करावयास व जमतील तेवढीच कामे करावयास सांगण्यात आले. दोन वर्षांअखेर सौम्य उपचारांच्या गटातील ८९ टक्के, तर जोरकस व्यायामाच्या गटातील ६३ टक्के रुग्णांचा खांदा जवळजवळ पूर्ववत झाला होता. ‘दुखल्याशिवाय मोकळा होत नाही’ म्हणून दुखऱ्या हाताला दुसऱ्याकडून जबरदस्तीने वर ओढून घेण्याची जी रीत अजूनही घराघरांत आढळते, तिचे यानंतर समर्थन करणे अवघड आहे. हाडवैद्याकडून मिळणाऱ्या अवचित झटक्याबद्दल तर बोलायलाच नको.

म्हणून पहिल्या अवस्थेत उद्दिष्ट एकच असावे : झोप. दुखऱ्या हाताखाली उशी घेणे, वेदनाशामक औषध वेळेवर घेणे आणि गरज पडल्यास सांध्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन घेणे, हे सारे त्यासाठी. या इंजेक्शनाने पहिल्या काही आठवड्यांत वेदना चांगलीच कमी होऊ शकते. मात्र मधुमेहींची साखर त्यानंतर काही दिवस वाढते, याची डॉक्टरांना व रुग्णाला दोघांनाही आठवण हवी. दुसऱ्या अवस्थेत हालचालींची उद्दिष्टे पुढे येतात. भिंतीवरून बोटे चालवीत वर नेणे, काठी दोन्ही हातांत धरून धडधाकट हाताने दुखऱ्याला बाहेर वळविणे, टॉवेल पाठीमागे धरून हात वर सरकविणे, असे साधे व्यायाम घरीच दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे करणे फायद्याचे. ताकदीचे व्यायाम बहुधा त्यानंतर.

शस्त्रक्रियेबाबतही उद्दिष्टाचा प्रश्न टळत नाही. ब्रिटनमध्ये ३५ रुग्णालयांतील ५०३ रुग्णांवर झालेल्या व २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत तीन मार्गांची तुलना झाली : भूल देऊन खांदा हलवून मोकळा करणे, दुर्बिणीतून आवरण कापणे, आणि इंजेक्शनासह आखीव फिजिओथेरपी. वर्षअखेर तिन्ही गटांतील रुग्ण बरेच सुधारले होते आणि कोणताही एक मार्ग इतरांहून ठळकपणे सरस ठरला नाही. तेव्हा निवड करताना रुग्णाला किती दिवस थांबता येईल, रजा किती, खर्च किती झेपेल आणि धोका किती पत्करायचा, हेच निर्णायक ठरते.

घाई कोणाला नसते?

फाटलेला स्नायुबंध शिवण्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर मात्र कॅलेंडर बरेच काटेकोर असते. साधारण चार ते सहा आठवडे हात झोळीत, त्यानंतर हळूहळू स्वतःच्या बळावर हालचाल, ताकदीचे व्यायाम सुमारे तीन महिन्यांनंतर आणि जड कामे किंवा खेळ चार ते सहा महिन्यांनी वा त्याहूनही उशिरा. या काळात रुग्णाला वाटणारे बरे आणि आत शिवलेल्या स्नायुबंधाचे भरून येणे यांत अंतर असते. दुखणे थांबले म्हणजे सांधले गेले, असे नव्हे. सहाव्या आठवड्यात बादली उचलणारे रुग्ण नेमके येथेच फसतात.

घाईचा मोह मोठमोठ्यांनाही असणारच. सचिन तेंडुलकरच्या खांद्यावर मार्च २००६ मध्ये लंडनमध्ये शस्त्रक्रिया झाली, तेव्हा त्याच्या पुनरागमनाच्या तारखेची चर्चा देशभर रंगली होती. त्या वर्षीचा वेस्ट इंडिजचा दौरा त्याला सोडावा लागला. आंतरराष्ट्रीय सामन्यात तो परतला तो सप्टेंबरमध्ये, क्वालालंपूरला, आणि वेस्ट इंडिजविरुद्ध नाबाद १४१ धावा करून. म्हणजे उत्तमोत्तम उपचार हाताशी असलेल्या खेळाडूलाही सहा महिने लागले. कल्याण-कसारा मार्गावरच्या प्रवाशाने सहा आठवड्यांत पूर्ववत होण्याची अपेक्षा स्वतःकडून ठेवावी, हे अन्यायाचेच. अडचण अशी, की त्याला किंवा तिला सहा महिन्यांची रजा कोणी देत नाही.

येथेच उद्दिष्टांची यादी व्यवहारात उपयोगी पडते. कार्यालयातील वरिष्ठांना ‘खांदा दुखतो’ असे सांगून फारसे काही हाती लागत नाही. ‘दोन महिने वरच्या कप्प्यातील फायली काढता येणार नाहीत आणि गर्दीची वेळ टाळून अर्धा तास उशिरा येणे गरजेचे आहे’, हे सांगितले तर निदान विचार होतो. घरातही तेच. सून, मुलगा, नवरा यांना कोणते काम किती दिवस उचलायचे आहे हे नेमके कळले, तर मदतीचा हात लवकर पुढे येतो आणि बाईला प्रत्येक वेळी मागावे लागत नाही. आपल्याकडे स्त्रीच्या दुखण्याला सुट्टी नसते, आणि खांदेदुखी तर बाहेरून दिसतही नाही. न सूज, न प्लास्टर.

भिंतीवरची खूण

प्रगती मोजण्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. भिंतीला समोरून उभे राहून हात जमेल तेवढा वर न्यावा व बोटांच्या टोकाशी पेन्सिलने बारीक खूण करून तारीख लिहावी. हात पाठीमागे नेल्यावर अंगठा कुठवर पोहोचतो, कमरेपर्यंत की ब्लाऊजच्या खालच्या हुकापर्यंत, हेही वहीत नोंदवावे. रोज मोजू नये. खांद्याचा एक दिवस दुसऱ्यासारखा नसतो आणि रोजच्या मोजणीने केवळ निराशाच पदरी पडते. पंधरा दिवसांतून एकदा पुरे. व्यायामाने थोडे दुखले आणि ते लवकर शमले तर हरकत नाही, पण त्या रात्री झोपमोड झाली किंवा दुसऱ्या दिवशी हात आदल्या दिवसापेक्षा कमी वर गेला, तर मात्रा जास्त झाली असे समजावे. दीड-दोन महिन्यांत खूण जागची हललीच नाही, तर उद्दिष्टच नव्हे, निदानही पुन्हा तपासून घ्यावे. पडल्यानंतर हात अचानक उचलता न येणे, खांद्याला सूज येऊन ताप भरणे, किंवा खांद्यातील दुखण्यासोबत छातीत दडपण व धाप लागणे, यांपैकी काही झाले तर वही-पेन्सिल बाजूला ठेवून ताबडतोब रुग्णालय गाठावे.

खूण करताना आणखी एक काळजी घ्यावी. पहिल्याच दिवशी धडधाकट हाताचीही खूण शेजारी करून ठेवावी. आपला खांदा मुळात कुठवर जातो, हे त्या खुणेवरून कळते, पुस्तकातल्या १८० अंशांवरून नव्हे. शिवाय, गोठलेला खांदा सुटल्यानंतर तोच पुन्हा सहसा गोठत नसला, तरी काही जणांच्या, विशेषतः मधुमेहींच्या बाबतीत पुढे कधीतरी दुसऱ्या खांद्याची पाळी येते. तेव्हा ती दुसरी खूण शोधावी लागणार नाही.